क्रोन्स उसळल्यावर काय खायचं: सांगली-साताऱ्याच्या स्वयंपाकघरातून पथ्याची आखणी

आपल्याकडे घरात पोटाचा पेशंट असला की भेटायला येणारा प्रत्येक जण ताटातला एकेक पदार्थ काढून जातो. कुणी दूध बंद करायला सांगतं, कुणी गहू. डाळ वातूळ ठरते, अंडी उष्ण ठरतात. महिन्याभरात माणूस गुरगुट्या भातावर आणि वरणाच्या पाण्यावर येतो. संडास थोडी आटोक्यात येते, पण दंडावरचा शर्ट सैल झालेला असतो. क्रोन्सच्या, म्हणजे आतड्याला पुन्हा पुन्हा सूज आणणाऱ्या दीर्घ आजाराच्या, पथ्यात खरा धोका हा आहे. मी सांगलीत हा आजार घेऊन राहते आणि पथ्याबाबत माझा एकच नियम आहे: एखादी गोष्ट ताटातून काढायची असेल, तर तिच्या जागी काय येणार ते त्याच दिवशी ठरवायचं.

दुसरी गोष्ट औषधांची. पथ्याने दुखणं, मुरडा, गॅस कमी होतो. आतड्याची सूज मात्र बहुतेक वेळा औषधानेच उतरते. त्यामुळे "आता पथ्याने बरं वाटतंय" म्हणून गोळ्या सोडू नका. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड तर एकदम बंद करायचंच नसतं, कारण काही आठवडे ते घेतल्यावर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं मंदावलेलं असतं. ते डॉक्टर सांगतील तसं टप्प्याटप्प्याने उतरवायचं.

पहिली पायरी: हा फ्लेअरच आहे का?

पोट बिघडलं की आपण लगेच म्हणतो, "आला फ्लेअर", म्हणजे आजार उसळला. पण जुलाबाचं कारण दरवेळी क्रोन्स नसतं. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ झालं की गावंच्या गावं जुलाबाने आजारी पडतात, त्यात क्रोन्सवालेही असतात. म्हणून डॉक्टरांना फोन केल्यावर ते साधारणपणे शौचाची तपासणी, सीआरपी (रक्तातून सूज कळणारी तपासणी), हिमोग्लोबिन आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन) सांगतात. कॅलप्रोटेक्टिन ५० च्या खाली असेल तर आतड्यात सूज असण्याची शक्यता कमी. २५० च्या वर गेलं तर सूज चालू असण्याची शक्यता बरीच. मधला आकडा आला तर डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात, कधी काही आठवड्यांनी पुन्हा करायला लावतात. जंतुसंसर्गातही हा आकडा चढतो, म्हणून शौचाची तपासणी सोबतच हवी. आदल्या आठवड्यात दुसऱ्या दुखण्यासाठी पेनकिलर किंवा अँटिबायोटिक घेतलं असेल तर तेही सांगा.

आपल्या देशात आणखी एक प्रश्न असतो तो आतड्याच्या टीबीचा. दुर्बिणीतून बघितलं तरी टीबी आणि क्रोन्स एकमेकांसारखे दिसू शकतात, दोन्ही बहुतेक वेळा लहान आतड्याच्या शेवटच्या टोकालाच बसतात. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ साली ज्या सुजेचं वर्णन केलं, तीही याच टोकाची. निदान नवीन असेल आणि कुणी बायोप्सीशिवाय स्टेरॉइड सुरू करायला निघालं असेल, तर "टीबीची शंका मिटली का?" हे विचारायला लाजू नका. टीबी असताना नुसतं स्टेरॉइड दिलं तर तो पसरू शकतो.

डॉक्टरांकडून एक उत्तर वहीत लिहून घ्या, कारण पुढचं सगळं पथ्य त्यावर ठरतं: माझं आतडं कुठे अरुंद झालंय का? डॉक्टरी भाषेत याला स्ट्रिक्चर म्हणतात. जुना सीटी किंवा एमआर एन्टेरोग्राफीचा, म्हणजे आतड्याच्या स्कॅनचा, रिपोर्ट असेल तर त्यात ते लिहिलेलं असतं. मिरज, कराड, पुणे अशा तीन ठिकाणच्या फायली झाल्या असतील तर सगळ्या एका पिशवीत ठेवा. तारखेप्रमाणे लावल्या तर अर्धं काम झालं.

घरी पथ्य करत बसायचं नाही अशी वेळ

उलट्या होतायत, पोट फुगून टणक झालंय आणि गॅससुद्धा सरत नाही. ताप १०१ च्या वर आहे. शौचातून बऱ्यापैकी रक्त जातंय. पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, लघवी कमी आणि गडद झालीय, उभं राहिलं की घेरी येते. शौचाच्या जागी ठणका आणि गाठ आहे, बसवत नाही. यातलं एकही असेल तर पेज शिजवत न बसता दवाखाना गाठा, रात्र असली तरी. आटपाडी, जत, पाटण किंवा महाबळेश्वरच्या वरच्या वाड्यांवर राहणाऱ्यांनी तर गाडी मिळायला लागणारा वेळही धरून चाला.

दुसरी पायरी: पहिले दोन-तीन दिवस

जुलाब जास्त असतील तर पहिलं काम पाण्याचं. ओआरएसची पुडी आणा आणि तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवल्याचं लिहिलंय का ते बघा. दुकानात खोक्यात मिळणारी रंगीत गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. त्यात साखर जास्त असते आणि त्याने जुलाब वाढतात. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशीग भरू नका, मीठ जास्त झालं तर त्रास होतो. घोट घोट घ्यायचं.

याच्या जोडीला तांदळाची पेज, मुगाच्या डाळीचं गाळलेलं वरण, चिकनचं किंवा मटणाचं तेल काढलेलं पातळ सूप, शहाळ्याचं पाणी. चहा कमी करा, कोरा कडक चहा तर नकोच. आणि रसवंतीचा रस नको. बर्फ आणि चरकाच्या स्वच्छतेचा भरवसा नसतो, शिवाय एवढी साखर सुजलेल्या आतड्याला झेपत नाही.

हे तीन दिवसांच्या पुढे ओढायचं नाही. नुसत्या पेजेवर आठवडा काढणं म्हणजे उपासमार, सुजेवर तिचा काही उपयोग होत नाही. ज्यांनी आधीच बरेच दिवस जवळजवळ काही खाल्लेलं नाही, वजन खूप उतरलंय, त्यांनी अचानक भरपूर खायला सुरुवात करणंही धोक्याचं असतं. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपकन खाली येतं. अशा पेशंटचं खाणं डॉक्टरांच्या नजरेखालीच वाढवायचं.

तिसरी पायरी: चोथा काढा, जेवण काढू नका

आता मुख्य भाग. फ्लेअरमध्ये सुजलेल्या आतड्याला त्रास होतो तो साल, बी, दोरा, टरफल आणि कच्चेपणाचा. तेवढं काढायचं. डाळ, अंडी, मांस, दही यांच्यातलं बळ काढायचं नाही. फ्लेअरमध्ये शरीराला प्रथिनं जास्त लागतात: दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारून.

भातापासून सुरू करू. इंद्रायणी किंवा कोणताही नवा तांदूळ मऊ शिजतो. त्यात सालं काढलेली मुगाची डाळ घालून गुरगुट्या करायचा, वर चमचाभर तूप. जास्त तूप नको. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला सूज असेल किंवा तो तुकडा ऑपरेशनमध्ये काढलेला असेल तर स्निग्ध पदार्थ नीट पचत नाहीत आणि संडास तेलकट, पातळ होते. ज्वारीची भाकरी हे आपलं रोजचं अन्न, त्यामुळे ती सोडायला घरचे तयार नसतात. "भाकरीने कुणाला काय होतंय?" शांत काळात काहीच होत नाही. फ्लेअरमध्ये मात्र तिच्या जागी तांदळाची भाकरी किंवा मऊ घावन करा, बाजरी तर अजिबात नको. रव्याचा सैल सांजा चालतो, त्यात मिरची आणि डाळींची फोडणी घालू नका, कढीपत्ता बाजूला काढा.

भाजीत दुधी, सोललेला दोडका, लाल भोपळा, बटाटा, गाजर. सोलून, बिया काढून, बोटाने चुरडतील इतकं शिजवून. दोडक्याच्या सालीची चटणी घरातल्या बाकीच्यांसाठी होऊ द्या. मेथी, शेपू, गवार, कोबी, मका, मटकीची उसळ सध्या बाजूला. कृष्णाकाठची वांगी कितीही गोड असली तरी बियांमुळे थांबायचं. शेवग्याच्या शेंगेचा गर खरवडून घेता येतो, पण दोरे चुकून पोटात जातात, म्हणून मी ती घेत नाही.

यापेक्षा मोठा घोळ असतो तो न दिसणाऱ्या गोष्टींचा. आपल्या भागात भाजी म्हटलं की शेंगदाण्याचं कूट आलंच. रश्शाच्या वाटणात सुकं खोबरं, तीळ, खसखस. भाजी दुधीचीच असते, पेशंट म्हणतो मी पथ्याचंच खाल्लं, आणि कुटाचे जाडसर कण मात्र पोटात गेलेले असतात. फ्लेअरच्या काळात एक छोटं पातेलं वेगळं ठेवा आणि भाजी शिजली की कूट, वाटण, कांदा-लसूण मसाला पडायच्या आधी पेशंटचं काढून घ्या. दोन स्वयंपाक करायची गरज नाही, एकाच भाजीतून आधी वाटीभर काढायचं. सासूबाईंना, आईला हे नीट समजावलं की त्यांचा "फिकं कसं खाणार बिचारी" हा जीवही थोडा शांत होतो. जिरं, धने, आलं, हिंग, मीठ, लिंबाचे चार थेंब यांनी पुरेशी चव येते.

तिखटाबद्दल स्पष्ट सांगायचं तर मिरचीमुळे क्रोन्स होत नाही. पण सुजलेलं आतडं आणि शौचाची चिरलेली जागा यांना ती झोंबते. म्हणून खर्डा आणि ठेचा काही दिवस दुसऱ्यांच्या ताटात.

हळदीबद्दल सांगलीकरांना वेगळं सांगावं लागतं. हळदपेठेचं गाव असल्याने "रोज चमचाभर हळद दुधातून" हा सल्ला इथे फुकट मिळतो. हळदीतल्या कर्क्युमिनवर जे काम झालंय ते मुख्यत्वे अल्सरेटिव्ह कोलायटिसवर, म्हणजे दुसऱ्या आजारावर, आणि तेही औषधांच्या जोडीने. भाजीतली चिमूटभर हळद चालू ठेवा. कॅप्सूल आणि काढे डॉक्टरांना न सांगता नकोत, कारण हळदीच्या तीव्र गोळ्यांनी काहींच्या यकृतावर परिणाम झाल्याची नोंद आहे आणि आपल्या गोळ्यांवरही यकृताची तपासणी चालूच असते.

दूध सरसकट वाईट नाही. बऱ्याच मोठ्या माणसांना दुधातली साखर पचत नाही आणि फ्लेअरमध्ये हे वाढतं. अशांनी दूध, खीर, बासुंदी आणि साताऱ्याचे कंदी पेढे टाळावेत. दही आणि ताजं पातळ ताक मात्र बहुतेकांना सोसतं, पनीरही. स्टेरॉइडवर असताना हाडांसाठी कॅल्शियम लागतंच, त्यामुळे दूध काढलं तर दही किंवा गोळी यांपैकी काहीतरी यायलाच हवं.

दिवसाचा हिशेब असा बसतो. तीन अंडी म्हणजे सुमारे १८ ग्रॅम प्रथिनं. शिजवलेलं १०० ग्रॅम बिनकातड्याचं चिकन म्हणजे साधारण २५. कच्ची ४० ग्रॅम मूगडाळ म्हणजे ९ ते १०. दोन वाट्या दही म्हणजे ६ ते ७. दिवसभराचा १५० ग्रॅम कच्चा तांदूळ म्हणजे १० च्या आसपास. बेरीज ६८ ते ७० वर जाते. चिकनचा खिमा करून मऊ शिजवा. मटण खायचंच तर तेही खिमा करून, तर्री काढून. नदीचे काटेरी मासे सध्या नकोत.

घरात माळ असेल तर अंडी-चिकन नाही. मग हिशेब लंगडा पडतो, हे उगाच झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पनीर, दही, डाळ, भात मिळून कसेबसे ५० ग्रॅम होतात, तेही पूर्ण भूक असेल तर. इथे आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने वैद्यकीय पोषण पावडरची जोड घ्यावी. एकदम पोटभर खाता येत नसेल तर तीन जेवणांऐवजी दर अडीच-तीन तासांनी थोडं थोडं, असे सहा वेळा खा.

चौथी पायरी: नुसत्या पावडरवरचा उपचार

सूज बहुतेक वेळा औषधानेच उतरते असं वर म्हटलं, त्याला अपवाद हा. सहा ते आठ आठवडे नेहमीचं जेवण पूर्ण बंद, फक्त वैद्यकीय पोषण पावडरचं दूधासारखं पेय. लहान मुलांच्या क्रोन्समध्ये स्टेरॉइडऐवजी हाच पहिला उपाय मानला जातो, कारण सूज उतरते आणि वाढ खुंटत नाही. महागडी, प्रथिनं आधीच तोडलेली पावडर लागते असं नाही, साधी पूर्ण प्रथिनांची पावडरही तितकीच चालते. मोठ्यांनाही उपयोग होतो, पण आठ आठवडे एकाच चवीवर काढणं अवघड जातं. पावडर म्हणजे जिममधला प्रोटीनचा डबा नाही, त्यात चरबी, पिष्ट, जीवनसत्त्वं असं पूर्ण जेवण असावं लागतं.

यातून निघालेली मधली वाट म्हणजे क्रोन्स डिसीझ एक्स्क्लूजन डाएट. पहिले सहा आठवडे निम्मं पोषण पावडरमधून, उरलेलं ठरावीक ताज्या पदार्थांतून: चिकन, अंडी, बटाटा, केळं, सफरचंद, भात असं. गहू, दूध, पाकिटातले पदार्थ बंद. पुढचे सहा आठवडे पावडर पाव हिश्श्यावर आणि ताट थोडं मोठं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायल आणि कॅनडातल्या मुलांच्या चाचणीत याने नुसत्या पावडरइतकाच आराम पडला आणि जास्त मुलांना ते निभावलं. तरी मोबाइलवरून यादी उतरवून सुरू करू नका. आपल्या, त्यातही शाकाहारी, घरात ती जशीच्या तशी बसत नाही. आहारतज्ज्ञांनाच बदलून द्यावी लागते.

आतडं अरुंद असेल तर

पाटाच्या तोंडाला उसाचं पाचट अडकलं की मागे पाणी तुंबतं. स्ट्रिक्चरमध्ये नेमकं तेच होतं, म्हणून इथे पथ्य फ्लेअरपुरतं नसून डॉक्टर सांगेपर्यंतचं. हुरडा, सोलाणा, महाबळेश्वरच्या वाटेवरचं भाजलेलं कणीस, चघळलेला ऊस, खोबऱ्याचे तुकडे, मशरूम, संत्र्याची सालपटं, सालीसकट द्राक्षं आणि तासगावचे बेदाणे हे सगळं अडकणारं. हुरड्याच्या दिवसांत शेतावर बोलावणं येतं, जा, पण ताकाचा ग्लास धरून बसा. प्रत्येक घास पातळ होईपर्यंत चावायचा. जेवल्यावर तास-दोन तासांनी कळा येतायत, पोटात मोठ्याने गुडगुड आहे, तर घन जेवण थांबवून पातळावर या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

पाचवी पायरी: ताट पुन्हा मोठं करणं

इथे बहुतेक जण अडकतात. संडास आवरली, दुखणं थांबलं, तरी भीतीपोटी वर्षभर दुधी-भातच चालू. चोथा हा क्रोन्सचा शत्रू नाही. आतडं अरुंद नसेल तर शांत काळात भाज्या, फळं, भाकरी खायलाच हवी.

एका वेळी एकच नवा पदार्थ, थोडासा, आणि तीन दिवस थांबायचं. माझा क्रम असा: आधी घट्ट वरण आणि पिकलेलं केळं, मग बारीक चाळलेल्या पिठाची ज्वारीची उकड, मग तीच भाकरी. नंतर नाचणीची आंबील, हुलग्याचं पातळ माडगं, मिक्सरमधून काढलेला पालक. सोललेलं सफरचंद आधी शिजवून, मग कच्चं. वाटाणा, मटकी, कोरेगावकडचा वाघ्या घेवडा सगळ्यात शेवटी, रात्रभर भिजवून, मऊ शिजवून. शेंगदाण्याचं कूट आलं की घरात सगळ्यांनाच सुटल्यासारखं वाटतं.

वहीत तारीख, काय खाल्लं, संडास किती वेळा, दुखणं, दर आठवड्याचं वजन एवढंच लिहा. काल रात्री खाल्लेल्या पदार्थावर लगेच ठपका ठेवू नका, सूज एका जेवणाने येत नाही. एखादा पदार्थ दोन-तीनदा वेगवेगळ्या वेळी त्रास देईल तेव्हाच काढा, आणि पुन्हा तो नियम: जागी काय?

कॅलप्रोटेक्टिन नॉर्मल आलं तरी पोट फुगतच असेल, तर तो बहुधा सुजेचा नव्हे, हळव्या पोटाचा त्रास. तिथे कांदा, लसूण, काही कडधान्यं थोडे आठवडे कमी करून बघता येतात. लसूण तेलात परतून काढून टाकला तरी चव उतरते. पण या पथ्याने सूज उतरत नाही.

उपास, जत्रा आणि बाकीचं

फ्लेअरमध्ये एकादशी धरू नका. शांत काळात धरायचीच तर निर्जळी नको. साबुदाणा आणि वरी मऊ असतात, घोळ पुन्हा दाण्याच्या कुटाचाच. रोजे धरणाऱ्यांनी औषधांच्या वेळा आणि पाणी याबद्दल रमजानच्या आधीच डॉक्टरांशी बोलावं. जत्रेला गेलात तर घरून खाऊन जा. भडंग नको, कोरे चुरमुरे चालतील.

अंगदुखीला मेडिकलमधून आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नका, त्याने आजार उसळू शकतो. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल. बिडी-सिगारेट क्रोन्स वाढवते, हे पथ्याच्या यादीत सगळ्यात वर हवं. लहान आतड्याचं शेवटचं टोक आजारी असेल तर बी-१२ तिथूनच शोषलं जात असल्याने ते तपासा, इंजेक्शन लागू शकतं. लोह आणि ड जीवनसत्त्वही बघून घ्या. लोहाच्या गोळ्या फ्लेअरमध्ये सोसत नसतील तर ते शिरेतूनही देतात.

वजनकाटा स्वयंपाकघरातच ठेवा. पथ्य चालू असताना दोन आठवडे लागोपाठ वजन उतरलं, तर संडास कितीही छान असली तरी वही घेऊन डॉक्टरांकडे आणि आहारतज्ज्ञांकडे जा.